टर्मिनलचं सोंग

माझ्या सासुरवाडीत मला संगणकातलं सगळं कळतं, असा पक्का समज आहे. तो कसा झाला हे सांगायची लाज वाटते, पण तुमच्यापासून काय लपवायचं? एकदा सासूबाईंच्या टीव्हीवर नुसत्या कानडी वाहिन्या दिसायला लागल्या होत्या, तेव्हा मी मागची वायर काढून परत खुपसली आणि मराठी बातम्या लागल्या. एवढंच. पण त्या दिवसापासून कुणाचा मोबाइल अडो, कुणाचं गॅसचं बुकिंग होईना, कुणाच्या पोराचा बारावीचा निकाल उघडेना, सगळीकडे एकच घोष: "दाजींना विचारा." नव्वदच्या सुमाराला मी पुण्यात युनिक्सचा एक कोर्स केला होता हे खरं. सर्टिफिकेटही आहे, लॅमिनेट केलेलं. त्याच्या जोरावर मला नोकरी लागली ती खतांच्या विक्रीत.

तर हे अण्णा, म्हणजे आमच्या हिचे थोरले बंधू, एका पतसंस्थेचे संचालक. एका जुन्या सभासदाचा वारस पिवळी पडलेली ठेवपावती घेऊन आला आणि मूळ नोंद दाखवा म्हणाला. खातेवहीला वाळवी लागलेली. नव्या संगणकात ती ठेव चढवलेलीच नव्हती. नोंद होती फक्त जुन्या मशीनमध्ये, आणि ते मशीन रेकॉर्ड रूमच्या कोपऱ्यात कापडाखाली झाकून ठेवलेलं. दर दसऱ्याला त्याला हार घालायचे, त्यामुळे पुढच्या पट्टीवर हळदीकुंकवाचा चांगला थर बसला होता. पूर्वी त्याच्यावर हिरव्या अक्षरांची टर्मिनलं चालायची. ती भंगारात गेली. त्याचा स्वतःचा मॉनिटरही मेलेला. आत मात्र सिस्टिम फाइव्ह घराण्यातलं जुनं युनिक्स ठणठणीत होतं.

"आमचे दाजी युनिक्स शिकलेत," असं अण्णांनी भर सभेत सांगून टाकलं. हीसुद्धा फोनवर "हो रे, येतील की," म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळून, "अहो, येतं ना तुम्हाला?"

येतं म्हणालो.

मुळात काम सोपं होतं. लॅपटॉपवर टर्मिनलचं सोंग आणणारा एक प्रोग्राम चढवायचा, सिरियल केबल मशीनच्या मागे खुपसायची आणि लॅपटॉपने मशीनला सांगायचं की बाबा रे, मी तुझं जुनं हिरवं टर्मिनलच आहे. टर्मिनल एम्युलेशन म्हणतात ते हेच. त्या जुन्या मशीनला समोर खरंच काय बसलंय हे दिसत नाही; तुम्ही जे सांगाल त्यावर ते विश्वास ठेवतं आणि त्या हिशोबाने बोलायला लागतं. माझ्या सासुरवाडीसारखंच.

केबल जोडली, एंटर दाबलं, तर पडद्यावर चंद्र, बाण, फुल्या आणि कुठल्या देशाची कोण जाणे अशी अक्षरं पडायला लागली. ते मशीन ९६०० च्या वेगाने बोलत होतं आणि माझा लॅपटॉप १,१५,२०० च्या वेगाने ऐकत होता. अण्णांनी चष्मा वर केला आणि आदराने विचारलं, "कोडिंग का हो?" मी हो म्हणालो. वेग जुळवला आणि 'लॉगिन' असा स्वच्छ शब्द उमटला. मॅनेजरसाहेबांनी शिपाईमामांना चहा सांगितला. इथपर्यंत सगळं छान होतं.

मी लॉगिनचं नाव टाइप केलं. पासवर्ड ग्रामदैवताच्या नावाचा होता, तोही टाकला. मशीनने आत घेतलं आणि ओरडायलाच लागलं. स्वागत कॅपिटलमध्ये, तारीख कॅपिटलमध्ये, यादी मागवली तर फाइलींची नावंही कॅपिटलमध्ये, आणि मूळची जी कॅपिटल अक्षरं होती त्यांच्या आधी एकेक उलटी तिरकी रेघ, म्हणजे आधीच ओरडणाऱ्याने वर हातही उगारलेला. "दाजी, हे चिडलंय का?" अण्णांनी विचारलं. मी म्हणालो, "जुन्या मशीनचं असंच असतं." नंतर बघतो तर लॅपटॉपच्या कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकत होता.

आता यात मशीनची बाजूही ऐकून घ्या. युनिक्स जन्मलं तेव्हा लोक पडद्यावर नाही, टेलीटाइपवर काम करायचे. टेलीटाइपचं मॉडेल ३३ हे १९६३ सालचं यंत्र: कागदाच्या गुंडाळीवर सेकंदाला दहा अक्षरं खडखडत छापायचं, आणि त्याच्याकडे लहान लिपी नव्हतीच, सगळी कॅपिटल. म्हणून युनिक्सने एक सोय करून ठेवली, की लॉगिन करणाऱ्याने आपलं नाव सगळं कॅपिटलमध्ये लिहिलं, तर बिचाऱ्याकडे दुसरी अक्षरं नसणार असं समजायचं आणि त्याच्याशी कॅपिटलमध्येच बोलायचं. म्हणजे ते मशीन माझ्यावर चिडलं नव्हतं. गरीब म्हणून सांभाळून घेत होतं.

मी बाहेर पडलो, कॅप्स लॉक काढला, परत आत गेलो आणि सगळं शांत झालं. तारीखही आता वाचता येत होती: १ जानेवारी १९८०, मंगळवार. आतली बॅटरी केव्हाच संपलेली, त्यामुळे मशीनने कालगणना आपल्या सोयीने मांडली होती. कॅशियरबाई म्हणाल्या, "साहेब, तारीख आधी नीट करायची का?" या बाई संस्थेत क्लार्क म्हणून लागल्या त्या या मशीनवरच. मी म्हणालो, "तारखेचं काय, नंतर बघू."

हे वाक्य लक्षात असू द्या.

खरं म्हणजे आत शिरलो होतो, तर सरळ नोंद शोधून, छापून, चहा पिऊन घरी यायचं. पण सगळे कौतुकाने बघत होते, आणि कौतुकाने कुणी बघायला लागलं की माझ्यातला व्याख्याता जागा होतो. मी पासवर्डच्या सुरक्षिततेवर बोलायला लागलो. ग्रामदैवताचं नाव हा काय पासवर्ड झाला? आख्ख्या तालुक्याला माहीत! त्यात अंक पाहिजेत, चिन्हं पाहिजेत. आणि बोलता बोलता मी तो बदललासुद्धा. वाई हे माझं गाव, मग ॲटचं चिन्ह, मग माझं जन्मसाल १९६८. बरोबर आठ अक्षरं, कारण ते जुनं युनिक्स पासवर्डची पहिली आठच अक्षरं बघतं, हे मला कोर्समधलं आठवत होतं. याचा मला इतका अभिमान वाटला की मी तेही सगळ्यांना सांगितलं. मग एक सेटिंग बदलायला म्हणून बाहेर पडलो आणि परत आत जायला लागलो.

आत घेईना.

सावकाश टाइप केलं, एका बोटाने टाइप केलं, तोंडाने पुटपुटत टाइप केलं, म्हणजे पासवर्ड खोलीतल्या सगळ्यांना कळला, एक मशीन सोडून. मध्येच एक अक्षर चुकलं म्हणून बॅकस्पेस दाबली तर लॉगिनच पहिल्यापासून सुरू. परत चुकलं, परत बॅकस्पेस, परत पहिल्यापासून. अण्णा आता जरा गप्प झाले होते. मॅनेजरसाहेब एका फोनसाठी बाहेर गेले, आणि त्यांचा फोन वाजल्याचं मी काही ऐकलं नव्हतं.

तेव्हा कॅशियरबाई उठल्या, लोखंडी कपाटातून लाल कापडी पुठ्ठ्याचं एक रजिस्टर काढून आणलं आणि माझ्यापुढे उघडून ठेवलं. मशीन बसवायला आलेल्या इंजिनिअरने जे जे सांगितलं, ते बाईंनी तेव्हा निळ्या शाईत, अनुक्रमांक घालून, समासाची रेघ मारून उतरवून घेतलं होतं. पहिलं कलम: कॅपिटलमध्ये लॉगिन करू नये. दुसरं: पासवर्डात ॲट व हॅश घालू नये. मी तिसरं वाचायचं धाडस केलं नाही. (ते बॅकस्पेसबद्दल होतं.)

"अहो बाई, आधी का नाही दाखवलंत?"

"तुम्ही तज्ज्ञ. म्हटलं नवीन पद्धत निघाली असेल."

हेही टेलीटाइपचंच देणं. कागदावर छापलेलं अक्षर मागे जाऊन पुसणार कसं? म्हणून युनिक्सने ठरवलं होतं की हॅश दाबला तर आधीचं एक अक्षर रद्द समजायचं आणि ॲट दाबलं तर आख्खी ओळच रद्द. मी आत असताना त्या खात्याच्या सुरुवातीच्या फाइलीने ही खोड बदलून टाकलेली असायची, त्यामुळे नवा पासवर्ड ॲटसकट बिनबोभाट जमा झाला. पण लॉगिनच्या दारात अजून जुनाच कायदा चालू होता. मी वाई लिहीत होतो, ॲट दाबत होतो, मशीन वाई पुसून टाकत होतं आणि उरलेलं १९६८ तपासून मला हाकलून देत होतं. दर वेळी माझं गाव खाऊन टाकायचं आणि माझं वय तेवढं बघायचं. आणि लॅपटॉपची बॅकस्पेस जो १२७ नंबरचा संकेत पाठवत होती, त्याचा अर्थ सिस्टिम फाइव्हच्या घरी पुसणे असा नव्हताच. 'चालू आहे ते बंद कर' असा होता.

मात्र एक गोष्ट माझ्या बाजूने सांगतोच. ॲटच्या आधी उलटी तिरकी रेघ दिली की ॲट साधं ॲट होतं, हे मला आपोआप आठवलं. कुणी सांगितलं नाही. दार उघडलं. मॅनेजरसाहेबांचा फोन तत्काळ संपला, अण्णांची छाती पुन्हा वर आली, दुसरा चहा आला, आणि मी मनात म्हटलं की आता कुठल्या कळीला नीट विचार केल्याशिवाय हात लावायचा नाही. विशेषतः बॅकस्पेसला तर नाहीच.

ठेवींचा प्रोग्राम सुरू करायच्या आधी मशीनने विचारलं: टर्म? म्हणजे, समोर कोण आहे? बर्कले विद्यापीठात असताना बिल जॉय यांनी टर्मकॅप नावाची एक यादी केली होती, कुठल्या टर्मिनलला पडदा पुसायला काय सांगायचं, कर्सर हलवायला काय सांगायचं याची. सिस्टिम फाइव्हवाल्यांनी तिच्या जागी टर्मइन्फो आणलं, आणि त्यात हरेक टर्मिनलचा कागद पहिल्या अक्षरावरून वेगळ्या खणात ठेवलेला असतो. आपण नाव सांगायचं, मशीन त्या खणातून कागद काढणार आणि त्यानुसार वागणार. कंसात मशीनने स्वतःच अदबीने सुचवलं होतं: एन्सी. म्हणजे नुसतं एंटर दाबायचं होतं.

मी माझ्या लॅपटॉपचं आजचं, दोनशे छप्पन्न रंगांचं, खरंखुरं नाव लिहिलं. मशीन म्हणालं, ओळखत नाही. बरोबरच आहे, त्या नावाचा जन्म व्हायच्या आधीच त्याचे खण भरून झाले होते. मग मी व्हीटी-१०० लिहिलं. डिजिटल कंपनीचं हे १९७८ सालचं टर्मिनल, चोवीस ओळी आणि ऐंशी रकाने. आज कुठलाही टर्मिनलचा प्रोग्राम उघडा, मुळात तो त्याचीच नक्कल करत असतो. इतकं थोर घराणं सांगितल्यावर तरी चालेल असं वाटलं. पडदा आला, पण अर्ध्या कळा कुठे गेल्या कळेना. शेवटी एन्सी. तेव्हा ठेवींचा मेनू आला तो पूर्ण, पण त्याच्या चौकटीच्या आडव्या रेघांच्या जागी डोक्यावर दोन ठिपके असलेले इंग्रजी ए, उभ्या रेघांच्या जागी एकाखाली एक बारके तीन, आणि उजव्या हाताला वरच्या कोपऱ्यात एक उलटं प्रश्नचिन्ह. कारण असं की चौकटीच्या रेघा मशीन पीसीच्या जुन्या अक्षरसंचातल्या पाठवत होतं, आणि माझा लॅपटॉप तेच आकडे पश्चिम युरोपच्या अक्षरांत वाचत होता. हे सेटिंग एका टिचकीत बदलतं. ते कुठे आहे हे शोधायला मला तिसरा चहा लागला.

शिपाईमामा म्हणाले, "राहू द्या की साहेब, रांगोळीगत दिसतंय." मी राहू दिलं.

आता फक्त खातं काढून बघायचं होतं. खालच्या ओळीत लिहिलंच होतं: ठेव बघण्यासाठी एफ-टू. मी सगळ्यांकडे एकदा बघितलं, अण्णांनी मान हलवली, आणि मी एफ-टू दाबली.

इथे जरा सावकाश सांगतो, कारण हे सगळं सेकंदाच्या आत झालं. एफ-टू ही कळ मशीनपर्यंत एक कळ म्हणून पोचतच नाही. टर्मिनल तिच्याऐवजी चिन्हांची एक लड पाठवतं, आणि कुठल्या घराण्याचं सोंग आहे त्यावर ती लड ठरते. माझ्या लॅपटॉपने पाठवलं ते असं: एस्केप, चौकोनी कंस, एक, दोन, आणि एक नागमोडी रेघ. त्या प्रोग्रामला ही लड ओळखीची नव्हती. त्याने ती सुटी सुटी करून घेतली. एस्केप म्हणजे मागे जा, म्हणून तो मागच्या मेनूत गेला. चौकोनी कंसाला 'पीं' केलं. मग एक घेतला. मग दोन घेतला. बारा झाले. नागमोडी रेघेला परत 'पीं' केलं, पण तोवर त्याच्या दृष्टीने गिऱ्हाइकाने बारा नंबरचं काम मागितलेलं होतं. त्याने विचारलं, खात्री आहे ना? उत्तराच्या जागी 'होय' आधीच भरलेलं होतं, आणि मी गडबडीत, कुठलीही पाटी आली की मी जे करतो तेच केलं. एंटर.

बारा नंबर म्हणजे सर्व ठेवींवर व्याज आकारणी.

कोपऱ्यातला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, ज्याच्यात कोण जाणे कोणत्या साली लावलेला भोकाभोकांचा कागद अजून तसाच होता, एकदम किंचाळत सुटला. "थांबवा! थांबवा!" अण्णा. मी कंट्रोल-सी दाबलं, कारण आजकालच्या सगळ्या मशीनवर त्याने काम थांबतं. या मशीनवर काम थांबवायची कळ म्हणजे तीच १२७ नंबरवाली, माझी बॅकस्पेस, आणि तिला हात लावायचा नाही असं मी नुकतंच मोठ्या शहाणपणाने ठरवलेलं. मग घाबरल्यावर माणूस करतो ते केलं, कंट्रोल-एस, निदान सेव्ह तरी होऊ दे म्हणून. पडदा गोठला. कर्सर गोठला. कुठलीही कळ दाबली तरी काही हालचाल नाही. थोड्या वेळाने प्रिंटरही थांबला. खोलीत भयाण शांतता पसरली आणि मी हळू आवाजात सांगितलं, "अण्णा, मशीन गेलं."

मॅनेजरसाहेब खाली बसले. कुणीतरी पंखा बंद केला, का ते मला अजून कळलेलं नाही. अण्णा म्हणाले, "गेलं म्हणजे?" मी हार्ड डिस्क, वय, धूळ, व्होल्टेज असं काहीबाही बोलत होतो. बाई माझ्या खांद्यावरून वाकल्या, रजिस्टरमध्ये एकदा बघून घेतलं आणि कंट्रोल-क्यू दाबलं. पडदा जिवंत झाला, प्रिंटर परत किंचाळायला लागला. कंट्रोल-एस म्हणजे सेव्ह नव्हे, 'जरा थांब', आणि कंट्रोल-क्यू म्हणजे 'हं, चालू दे'. हीसुद्धा टेलीटाइपच्या काळचीच रीत. माझ्यावर शोकसभा घ्यायची वेळ आली होती ती मी स्वतःच 'जरा थांब' म्हटल्यामुळे.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या, "ही कच्ची यादी आहे. पक्की करायच्या आधी परत विचारतं. तेव्हा नाही म्हणायचं." आणि तसंच झालं. परत विचारलं तेव्हा त्यांनी माझा हात हलकेच बाजूला केला आणि स्वतः 'एन' दाबला.

यादी मात्र पूर्ण छापून झाली होती. आणि तिच्यात, खाते क्रमांक, मुद्दल, तारीख यांसकट, ती वारसाची ठेव होती! अण्णांनी कागद फाडून घेतला, मॅनेजरसाहेबांशी हात मिळवला, "म्हटलं नव्हतं? दाजींनी काढून दिलं की नाही!" असं तीनचार जणांना ऐकवलं. मीही नम्रपणे हसलो. तेवढ्यात त्यांचं लक्ष शेवटच्या रकान्याकडे गेलं.

व्याजाच्या रकान्यात प्रत्येक आकड्याआधी वजाचं चिन्ह होतं. ठेवी होत्या त्र्याण्णव-चौऱ्याण्णव सालच्या, आणि मशीनच्या मते आज होता १ जानेवारी १९८०. म्हणजे ठेव ठेवायलाच अजून तेरा-चौदा वर्षं बाकी होती. त्याने मोठ्या इमानाने तेवढ्या वर्षांचं व्याज सभासदांकडून उलटं वसूल करून दाखवलं होतं. दहा हजार ठेवलेला संस्थेचंच देणं लागत होता. अण्णांची स्वतःची पाच खाती होती. त्यांनी बोटाने एकेक ओळ मोजली, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"दाजी, यात माझ्याकडून किती निघतात?"

"तारखेचं काय, नंतर बघू, असं साहेब म्हणाले होते," बाईंनी आठवण करून दिली.

बातमी पाच मिनिटांत बाहेर काउंटरपर्यंत गेली. कर्मचारी एकेक करून आत आले आणि भोकांच्या कागदावर वाकून आपापली नावं शोधायला लागले. लेखनिकाने पत्नीच्या नावची ठेव सापडल्यावर 'अरे बापरे' म्हटलं, मॅनेजरसाहेबांनी त्यांचा आकडा हाताने झाकला. एकटे शिपाईमामा दारात ट्रे घेऊन प्रसन्न उभे होते.

"आमचं नाव नाही ना त्यात?" त्यांनी मला विचारलं.

मी यादी वरपासून खालपर्यंत बघितली. नव्हतं.

"तरी आमची मंडळी म्हणत होती, थोडेथोडे ठेवत जा म्हणून. बरं झालं ऐकलं नाही. साखर किती टाकू, साहेब?"